राळ्याची उशी

देगू, ९ मार्च

चि. इन्ह्ये हिस,

आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला तो लिहायचा असतो म्हणून लिहिला आहे. माझा राग गेला असा त्यावरून अर्थ काढू नकोस.

दोन वर्षांत तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. फोनवर माणूस गप्प बसलं की ते ऐकू येतं. पत्रात ती भीती नाही. शिवाय काल एक निमित्त घडलं, नाहीतर हेही लिहिलं नसतं.

विद्यापीठाच्या मेंदू-केंद्राला दहा वर्षं झाली, त्याचा समारंभ होता. आपण तिघांनी तिथे नावं घातली तेव्हा तुझे बाबा म्हणाले होते, "आपल्या घरात कुणाचं डोकं ठिकाणावर आहे ते एकदाचं कळेल." त्यांचं डोकं ठिकाणावर निघालं. यकृत नव्हतं, पण यकृत बघणं त्या केंद्राचं काम नाही. मी अजून दर वर्षी मेंदूचं चित्र काढून घ्यायला त्या नळकांड्यात जाऊन पडते. तूही अजून जातेस, असं तिथल्या बोरामने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. ही बोराम म्हणजे स्वागताच्या टेबलावरची गोल चेहऱ्याची मुलगी. पहिल्या दिवशी तिने मला "आजी" म्हटलं होतं. मी तिला सांगितलं, "छत्तीस वर्षं गणित शिकवलं आहे, मला बाई म्हणायचं. इथे मी कुणाची आजी नाही आणि कुणाची आई नाही." तेव्हापासून ती बाई म्हणते. तारखा मात्र ते आपल्याला वेगवेगळ्या देतात. ती व्यवस्था तुझीच असणार.

तर समारंभ. आधी भाषणं. नवं चुंबक जर्मनीहून आलं आणि ते आत उतरवायला इमारतीचं छप्पर उघडावं लागलं, त्याची चित्रफीत दाखवली. माणसाचं डोकं न उघडता आतलं बघायचं म्हणून घराचं डोकं उघडलं. मग उंदराच्या मेंदूत भीती नेमकी कुठे बसते ते सापडल्याबद्दल टाळ्या झाल्या. मांजराला विचारलं असतं तर एवढा खर्च आला नसता. मग मेंदूचं चित्र बघून माणसाचं वय सांगणारी युक्ती. आपली भाजीवाली ते पिशवी उचलण्याच्या तऱ्हेवरून सांगते.

सगळ्यांत मोठा पराक्रम मिन सुयंगचा. तुला ती आठवेल, माझ्या वर्गातली, गृहपाठ केला नसला की खिडकीबाहेर बघणारी. आता ती डॉक्टर मिन, केंद्राची संशोधन-प्रमुख. तिच्या माणसांनी संगणकाला जुनी चित्रं पुन्हा वाचायला शिकवलं आहे. तज्ज्ञांच्या नजरेतून तेव्हा जे सुटलं ते तो आता शोधून काढतो. भिंतीवर त्याचा पुरुषभर उंच फलक लावला आहे. त्यावर चाळिशीतल्या कुणा स्त्रीची दोन चित्रं आहेत, डोकं वरून आडवं कापून बघावं तशी. पहिलं चार वर्षांपूर्वीचं. कपाळाच्या मागे वाटाण्याएवढा ठिपका, आणि त्याभोवती लाल वर्तुळ. दुसरं गेल्या हिवाळ्यातलं. त्याला वर्तुळाची गरज नव्हती. ओळख पटू नये म्हणून ते लोक चित्रांतून चेहरा पुसून टाकतात, त्यामुळे दोन्ही डोकी पुढून कुरतडल्यासारखी दिसत होती.

मी मिनला विचारलं, "चार वर्षं हा ठिपका तुमच्या कपाटात पडून होता. मग टाळ्या कशाच्या?"

"आता सापडला म्हणून, बाई."

"आणि ती बाई? तिला सापडला का?"

मिन खिडकीबाहेर बघायला लागली.

त्या फलकासमोरून मला लवकर हलता येईना. चित्र काही सुंदर नव्हतं. शेवटी मागच्या माणसाने खाकरून दाखवलं तेव्हा हलले. येताना प्रत्येकाला तांदळाच्या वड्यांचा डबा आणि टॉवेल दिला. टॉवेलवर मेंदू छापला आहे, खाली केंद्राचं नाव. याने अंग पुसायचं.

घरी आले आणि तुझी आठवण झाली. चांगली नव्हे. तुझ्या बाबांच्या पहिल्या पुण्यतिथीचीच झाली. काका प्रार्थना म्हणत होते, सगळे वाकलेले, फोटोपुढे पेर आणि मासे मांडलेले, आणि तू हसलीस. चुकून फिसकन नव्हे, चांगलं मोकळं हसलीस, आणि थांबेनास. मी तुला दंडाला धरून अंगणात नेलं. तिथेही हसत होतीस आणि "मला कळत नाहीये गं आई" म्हणत होतीस. मी म्हटलं, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस. तू टाकलं नाहीस. एवढी आज्ञाधारक तू जन्मात नव्हतीस.

उत्तर पाठवायची सक्ती नाही.

आई


देगू, २१ मे

इन्ह्ये,

पत्राला उत्तर म्हणून खोकी आली. तीन. कुरियरवाल्याने दारात ठेवली आणि म्हणाला, "आजी, मुलगी घर बदलते आहे का?" मी म्हटलं, "आई बदलते आहे."

एकात तुझ्या लग्नासाठी मी जमवलेली पितळी भांडी. लग्न तू केलं नाहीस, पण भांड्यांनी काय केलं होतं? दुसऱ्यात बाबांचं मनगटी घड्याळ आणि फोटोंचे आल्बम, दोरीने बांधलेले. तिसऱ्यात रजया, आणि रजयांच्या घडीत तुझी तान्हेपणीची, डोकं गोल व्हावं म्हणून केलेली राळ्याची उशी. ती तुझ्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं. राळ्याला कधीच कीड लागून गेली आहे. फडक्यातून भुसा गळतो.

या उशीसाठी मी तुझ्या आजीची किती बोलणी खाल्ली ते तुला ठाऊक नाही. तुला कशीही निजवली तरी तू डावीकडे मान वळवायचीस, खिडकीच्या उजेडाकडे. मी उजवीकडे वळवायची, तू परत डावीकडे. सासूबाई म्हणायच्या, "शाळेत शंभर पोरींना ओळीत उभं करतेस, घरातल्या एका पोरीचं डोकं गोल होत नाही तुझ्याच्याने." झालंही तसंच. डावीकडून मागे सपाट राहिलं ते राहिलंच. म्हणून तुझी वेणी मी नेहमी त्या बाजूला बांधायची. तुला वाटायचं ती फॅशन आहे.

संबंध तोडायचे तर माणसाने एका ओळीत तोडावेत. जहाजांचे आराखडे काढणाऱ्या बाईला एवढं तरी सुटसुटीत करता यावं. खोकी कसली पाठवतेस?

दुसरी गोष्ट. केंद्रातून मला पुन्हा बोलावलं. दर वर्षी एकदा, असं ठरलेलं असताना. "कुटुंबातल्या चित्रांची तुलना करायची आहे," एवढंच सांगितलं. गेले. एरवी ते लोक मला कपडे बदलायला लावतात, नळकांड्यात ढकलतात आणि निघताना साबणाची वडी देतात. या वेळी मऊ पांघरूण आणलं. दोनदा विचारलं, थंडी वाजते का. तंत्रज्ञ पोरगा एरवी आत कसले तरी ठोके बडवणारी गाणी लावतो, त्याने आपणहून प्रार्थनागीतं लावली. मी पडल्या पडल्या विचार करत होते की यांना एवढं गोड व्हायला झालंय काय?

बाहेर आले तर बोराम म्हणाली, "आई, सावकाश हं, पायरी आहे."

मी म्हटलं, "पायरी दहा वर्षं तिथेच आहे."

मिन स्वतः फाटकापर्यंत सोडायला आली, छत्री धरून. पाऊस नव्हता, ऊन होतं, तरी. तिने विचारलं, "बाई, इन्ह्ये येते का हो घरी?"

"तुला काय करायचंय?"

"नाही, सहज."

सहज म्हणे. संशोधन-प्रमुख भरदुपारी फाटकापर्यंत सहज चालत येते.

जेवायला बसले आणि पहिल्यांदा वाटलं, माझ्या चित्रात काहीतरी आहे.

आई


देगू, १८ जून

इन्ह्ये,

आता स्पष्ट लिहिते. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा मला कंटाळा आला आहे.

तुझी मैत्रीण सेबोम शनिवारी येऊन गेली. बुसानहून गाडीने, मांडीवर पिंजरा. पिंजऱ्यात तुझं मांजर. "इन्ह्येला कामानिमित्त बाहेर जावं लागेल, थोडे दिवस," म्हणाली. मी विचारलं, "किती थोडे?" तर तिने पिंजऱ्याची कडी तीनदा लावली आणि तीनदा काढली. मी तिला बार्लीचा चहा दिला, तो ती प्यायली नाही. मांजराचं नाव विचारलं तर "खरवड" म्हणाली आणि रडायला लागली. खरवड हे नाव वाईट आहे, रंगाला शोभून आहे, पण रडण्यासारखं त्यात काही नाही. जाताना तिने मला मिठी मारली. तुझ्या मैत्रिणी मला घाबरतात, इन्ह्ये. मिठी मारत नाहीत.

म्हणजे तिलाही माहीत आहे. केंद्राला माहीत आहे, तुला माहीत आहे, तुझ्या मैत्रिणीला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त मला. आपल्याकडे हे असंच. आजाऱ्याला सोडून सगळ्या गल्लीला आजार ठाऊक असतो. डॉक्टर घरच्यांना कोपऱ्यात घेतो, घरचे शेजाऱ्यांना घेतात, आणि ज्याचं शरीर आहे तो बिछान्यावर पडून सगळ्यांचे हसरे चेहरे बघतो. केंद्रातल्या माझ्या कागदावर जवळचं माणूस म्हणून तुझं नाव आहे. ते मी बदललं नव्हतं. आता कळतं, बदलायला हवं होतं.

बाबांच्या वेळी तू हेच केलंस. चार महिने. तू आणि तो चष्मेवाला डॉक्टर. मी रोज शिंपल्यांची पेज करायची, तुझे बाबा वाटी चाटून पुसून खायचे, आणि मी त्यांना म्हणायची, बघा रंग सुधारला. शेवटच्या आठवड्यात त्यांचे डोळे हळदीसारखे झाले तेव्हा मला कळलं. त्यांना तर कळलंही नाही, किंवा कळलं असलं तर त्यांनीही माझ्यापासून लपवलं. मी तुला विचारलं, का? तू दवाखान्याच्या जिन्यात उभी होतीस. म्हणालीस, "आई, ते चार महिने आपल्या घरात कुणी रडलं नाही. तेवढं मला तुम्हाला देता आलं."

दिलं म्हणे. मी मागितलं होतं?

मी शाळेत असताना सिस्टर बेआत्रिस आम्हाला सांगायच्या की खोटं दोन प्रकारचं असतं, बोलून केलेलं आणि गप्प राहून केलेलं, आणि गप्प राहून केलेलं तेव्हाच पाप होतं जेव्हा समोरच्याने विचारलेलं असतं. तर मी विचारते आहे. इन्ह्ये, मला काय झालं आहे?

उत्तराची वाट न बघता मी माझं काम आवरलं. गुरुवारी फोटोवाल्याकडे गेले, अंत्यविधीला ठेवायचा फोटो काढून घेतला. तुझ्या बाबांच्या वेळी घाईत सहलीतला फोटो मोठा केला होता. त्यात त्यांच्या मागे कुणाचा तरी हात दिसतो. माझ्या फोटोत कुणाचा हात नको. निळा रेशमी झगा घातला. फोटोवाला म्हणाला, "आजी, थोडं हसा, घरच्यांना बरं वाटतं." मी म्हटलं, "माझ्या घरचे अशा प्रसंगी आपलं आपण हसतात."

पितळी भांडी चर्चच्या बायकांना वाटली. खरवड पलंगाखालून बाहेर येत नाही. फक्त मी शिलाई मशीनवर बसले की पायट्यावर येऊन बसते.

आई

ता. क. पत्र बंद करत होते तेवढ्यात तुझा फोनवर संदेश आला. दोन वर्षांनंतर पहिला. "आई, तुला काहीही झालेलं नाही. खरंच." तू "खरंच" लिहिलंस की मी खोटं समजते, हे तुला सहावीपासून माहीत आहे.


देगू, ४ जुलै
(हे टाकायचं नाही)

इन्ह्ये,

आज केंद्रात गेले. न बोलावता. बोराम उठून उभी राहिली, म्हणाली, "आई, तुमची आज तारीख नाही." मी म्हटलं, "मरायला तारीख घ्यावी लागत नाही. मिनला बोलाव."

मिन आली. मी तिला म्हटलं, "सुयंग, तू माझ्या वर्गात चार वर्षं होतीस. मी कधी कुणाचे गुण लपवले? नापास मुलीलाही मी तिच्या तोंडावर सांगायची. माझं चित्र काढ आणि दाखव."

तिने नियम सांगितला नाही. मला आतल्या खोलीत नेलं, पडद्यावर माझं डोकं उघडलं. राखाडी, घड्या घातलेलं. एका बाजूला पांढुरकं काहीतरी होतं.

"हे डावीकडे काय आहे?"

"ती उजवी बाजू आहे, बाई. समोर उभ्या माणसासारखं बघायचं चित्र. त्याचं डावं आपल्या उजवीकडे. ते सर्दीचं आहे, जुनं. बाकी काही नाही."

"काही नाही?"

"काही नाही. आमच्या हिशेबाने तुमचा मेंदू वयापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे."

मी बघत राहिले. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना सुयंगची मान लाल होते, ती झाली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मला फसवल्यासारखं झालं. फोटो काढून झाला होता, भांडी वाटून झाली होती.

बोराम चहा घेऊन आली. "घ्या, आई."

मी म्हटलं, "बोराम, मी इथे कुणाची आई आहे गं?"

तिने पेला फार हळू खाली ठेवला. मी मिनकडे बघितलं. त्या खोलीला खिडकी नाही. तरी ती तोंड फिरवून बघत होती, भिंतीकडे.

मी उठले. फाटकाकडे जायचं तर त्या फलकावरूनच जावं लागतं. मार्चमध्ये मी त्या चित्रासमोर अडकून पडले होते ते का, हे मला आज पडद्यावरच्या माझ्या डोक्याने शिकवलं होतं. त्याचं डावं आपल्या उजवीकडे. चित्रातलं डोकं मागून उजवीकडे सपाट होतं. मी मनातल्या मनात ते फिरवलं. मग ते डावीकडे आलं.

राळ्याच्या उशीवर मी ज्याला वर्षभर सरळ करत होते ते डोकं मला वरून कापलेलं दाखवा, आतून बाहेरून उलटं दाखवा, मला कळेल. मार्चमध्येही कळलं होतं. फक्त मला सांगितलं गेलं नव्हतं.

मिन मागोमाग आली होती. मी फलकाकडे बघूनच बोलले. तीही फलकाकडेच बघत होती.

"ही बाई. हिचं काय होणार?"

"शस्त्रक्रिया आहे. महिनाअखेरीस, बुसानला. निघेल तेवढं काढतील."

"निघेल तेवढं म्हणजे?"

"सगळं नाही, बाई."

"आणि तोवर? त्या जागी असं काही असलं की माणूस काय करतो?"

"एकेकाचं वेगळं. कुणी चिडतात, कुणी विसरतात. कुणी नको तिथे हसतात. आणि त्यांना थांबवता येत नाही. त्यांनाही कळत नसतं, का हसतोय ते."

मी भिंतीला हात लावला. तो फलकाच्या कडेवर पडला, काच गार होती. पहिल्या चित्राखाली चार वर्षांपूर्वीचा महिना छापला आहे. त्या महिन्यात आपण तिघं एकाच टॅक्सीने तिथे गेलो होतो. बाबा पुढे बसले होते. वाटाणा तेव्हा आपल्याबरोबर टॅक्सीत होता. आणि दोन वर्षांनी मी त्याला दंडाला धरून अंगणात नेलं.

"तिच्या घरी कोण आहे?"

"आई."

"तिला सांगितलं?"

"त्यांनी आमच्याकडून वचन घेतलंय. काही झालं तरी आईला कळता कामा नये."

"का म्हणे?"

मिनचा आवाज बारीक झाला, चौथ्या बाकावरून यायचा तसा. "त्या म्हणाल्या, न कळलेले महिने चांगले जातात. आमच्या घरात एकदा करून बघितलंय."

शाळेच्या मुलांची एक रांग फलक बघायला आली, त्यांच्या मास्तरांनी सांगितलं, हे आपल्या शहराचं मोठं यश. मुलांनी फोटो काढले.

मुलं गेल्यावर मी म्हटलं, "चेहरा पुसलात. डोक्याची मागची बाजू पुसायची राहिली. पुढच्या वेळी असलं काही भिंतीवर लावण्याआधी एखाद्या आईला दाखवत जा."

"बाई, मी ते उतरवते. आजच."

"आणि सुयंग, मी आज इथे आलेच नव्हते. तुझं वचन मोडलेलं नाही. तू एका चित्राबद्दल बोललीस, मी एका चित्राबद्दल विचारलं."

ती रडत होती. मला तिच्याजवळ थांबायला वेळ नव्हता.

घरी येऊन हे लिहायला बसले ते तुला जाब विचारायला. पुन्हा तेच केलंस, पुन्हा मला पेज ढवळायला बसवलंस, असं लिहिणार होते. मी कुणाला म्हणून कधी सोडलं नाही, तुला का सोडावं? पहिली चार वाक्यं चांगली धारदार जमली होती, तीही खोडली. खरवड मशीनच्या पायट्यावर बसून माझ्याकडे बघत होती.

खोकी पाठवताना तुझे हात कसे चालत असतील? आल्बम दोरीने बांधलेस, गाठी जहाजावरच्या. उशी तू इतकी वर्षं का ठेवली होतीस आणि आत्ताच का परत केलीस? मांजराला तू काय सांगितलंस?

मी रागावले आहे. कुणावर ते ठरत नाही. केंद्रावर रागवावं तर त्यांनी शोधून तरी काढलं, उशिरा का होईना. तुझ्यावर रागवावं तर कपाळामागे तेवढं एक घेऊन फिरणाऱ्या माणसावर कुणी रागावत नाही. देवाशी मी बोलत नाहीये.

तू माझ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नाहीस. हे मागितलं आहेस, तेही मला न सांगता. आईला कळता कामा नये. ठीक आहे. कळलेलं नाही. हे महिने मी तुला देते. तू मला दिलेले मी घेतले नव्हते, सबंध तीन वर्षं तुझ्या तोंडावर फेकत राहिले. तू तसं करू नकोस.

सिस्टर बेआत्रिसचा नियम चालू आहे. विचारलं तरच खोटं. तू मला विचारू नकोस, मी तुला विचारणार नाही.

हे पत्र मशीनच्या खणात राहील.


देगू, ६ जुलै

चि. इन्ह्ये,

अनेक आशीर्वाद.

तुझं बरोबर निघालं. मला काहीही झालेलं नाही. केंद्रात जाऊन खात्री करून घेतली. मेंदू वयापेक्षा लहान आहे म्हणाले, तेव्हा पुढची दहा वर्षं तरी माझ्या जिभेपासून तुझी सुटका नाही. मागच्या पत्रातलं सगळं विसरून जा. म्हातारपणी माणसाला आपल्याभोवती कटकारस्थानं दिसतात.

एक अडचण आहे. आमच्या घरावरची टाकी गळते आहे आणि मालक महिनाभर दुरुस्ती करणार म्हणतो. शिवाय डॉक्टरांनी गुडघ्यांना समुद्राची हवा सांगितली आहे. म्हणून गुरुवारी बुसानला तुझ्याकडे येते. कामानिमित्त बाहेर जायचं असेल तर खुशाल जा, मी घर सांभाळीन. तुला विचारत नाही, कळवते आहे. खरवडला घेऊन येते. तिला इथलं मानवत नाही.

घड्याळ आणि आल्बमही परत आणते. माझ्याकडे ठेवायला जागा नाही. फोटोवाल्याचा फोटो मात्र नापास केला, निळा रंग मला शोभत नाही. पुढे कधीतरी पुन्हा काढू, त्याची घाई नाही.

परवा भांडी घासताना उगाच आठवलं. बाबांच्या पुण्यतिथीला काका वाकले तेव्हा त्यांचा टोप कपाळावर सरकला होता. तू तोच पाहिला असणार. मलाही हसू येत होतं, मी ओठ चावले म्हणून वाचले. तुला ओठ चावायचं सुचलं नाही एवढंच.

शिंपल्यांची पेज करायचं भांडं तुझ्याकडे आहे ना? नसलं तर आणते.

आणि मानेसाठी म्हणून मी एक उशी शिवली. तुझ्या त्या जुन्या उशीचंच फडकं, जोड देऊन मोठं केलं, आत नवा राळा, तीनदा निवडलेला. वरून केंद्राने दिलेल्या टॉवेलचा अभ्रा, उलट्या बाजूने, म्हणजे तो मेंदू दिसत नाही. पण मला ती फार मऊ होते. तू वापर. डोकं कसंही टेकलं तरी त्यात खळगा पडतो, कुठे टोचत नाही, कुठे दाबत नाही.

अजून खिडकीकडेच वळत असशील. वळ. मी आहे तिथे.

आई